वरून काळे, खालून भुरे

पार्लरवालीने माझ्या मानेमागची एक बारीक बट कापली, काचेच्या वाटीत ठेवली आणि तिच्यावर ब्लीचचा निळसर लेप थापला. मग ती शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या भुवया करायला गेली. परत आल्यावर तिने वाटी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"हात लावून पाहा," ती म्हणाली.

वाटी गरम होती. भरलेला चहाचा कप असतो तितकी. खाली गॅस नव्हता, दुकानात कूलर चालू होता आणि वाटीत कापलेल्या केसांवर लेपाशिवाय काही नव्हतं. लेपाला बारीक बुडबुडे येत होते. तिने कंगव्याच्या टोकाने बट उचलली. ती मधोमध रबरासारखी लांबली आणि तुटली.

"मेंदी कशात भिजवता, मॅडम?"

"लोखंडी कढईत."

"रात्रभर?"

"रात्रभर. चहाचं पाणी घालून."

"अन् बाजारातली काळी पुडी?"

"कधी कधी."

"मंग हे केस नाईत मॅडम, तवा आहे," ती म्हणाली. भुवया करून घेणारी बाईही हसली. "इथं येणारी एकूणएक बाई मले हेच सांगते. कढई लोखंडाची, वरून काळी पुडी, वर्षानुवर्षं डोक्यावर थापायची. अन् मंग म्हणते गोल्डन करून दे. ते सारं जाते कुठं? केसातच राहते. ब्लीच लागलं की तापते."

वाटी निवायला बराच वेळ लागला. तोपर्यंत कोणी तिला हात लावला नाही.

नोकरी संपल्यावर मी मेंदी बंद करायचं ठरवलं होतं. सगळं आयुष्य अमरावतीत, एका दैनिकाच्या डेस्कवर गेलं. सुट्टीचा अर्धा दिवस मेंदीत जायचा. आता उजवा खांदा आखडला होता, मागच्या केसांपर्यंत हात पोचत नव्हता, आणि भांगात पांढरं पुन्हा दिसायला फार दिवस लागत नव्हते. मेंदी नुसती थांबवली असती तर वर पांढरे, खाली काळे आणि मध्ये फूटपट्टीने आखल्यासारखी रेघ. ती रेघ पुसायची तर खालचे केस उजळ करायचे, म्हणजे वरून येणारा पांढरा त्यात मिसळून जातो. एवढंच काम होतं.

ते करायच्या तीन रीती पार्लरवालीने सांगितल्या. पहिली, सगळं डोकं एकदम ब्लीच करायचं आणि वर हवी ती छटा चढवायची. याला ती ग्लोबल म्हणत होती. दुसरी, हायलाइट: बारीक बटा वेगळ्या काढून प्रत्येक बट चांदीच्या कागदात गुंडाळायची. तिसरी, बालायाज: कागद नाही, उष्णता नाही, ब्रशने अंदाजाने लेप ओढायचा, तोही केसांच्या मध्यापासून खाली. मुळं तशीच राहतात.

वाटीतल्या बटेने पहिल्या दोन रीती बाद केल्या. ग्लोबलमध्ये लेप टाळूला लागतो, तो तापला तर टाळू भाजते. कागदात गुंडाळलेली बट तापली तर बाहेरून कळत नाही. राहिली तिसरी. तिने सौम्य लेप कालवून दुसरी बट उघड्यावर ठेवली. ती तापली नाही आणि तुटलीही नाही, हळूहळू तपकिरी होत गेली.

"वरून काये, खालून भुरे. हळूहळू, दोन-चार वेळा येऊन वर नेऊ," ती म्हणाली. "चेहऱ्याजवळ तर काहीच बदलत नाई. समोरून पाहणाऱ्याले कळणार बी नाई."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. कारण माझी आई.

आई अकोल्याला धाकट्या भावाकडे राहते. तिची स्मृती काही वर्षांपासून जाते आहे. भावाला ती भाऊसाहेब म्हणते आणि कोणत्या गावचे म्हणून विचारते. भावजयीला स्वतःची बहीण समजते, आणि भावजय तसं समजू देते. सगळ्यांत शेवटपर्यंत ओळखीची राहिले होते ती मी. मी गेले की दिवाणासमोर जमिनीवर तिच्याकडे पाठ करून बसायचे. ती माझी वेणी सोडायची, केसांतून बोटं फिरवायची, मेंदीचा वास घ्यायची आणि म्हणायची, "मोठे, किती कोरडे केले वो केस." चेहऱ्याकडे ती क्वचितच पाहायची. ओळख पटायची ती बहुधा हातांना.

त्यामुळे भावजयीचा या बेताला विरोध होता. तिने तो फोनवर स्पष्ट सांगितला.

"ताई, एक काम करा. आई हायेत तवरक काये राहू द्या. मंग लाल करा, पिवये करा, कोन पाह्यते."

"डॉक्टर म्हणतात, ओळख आवाजाने राहते. केसांनी नाही."

"डॉक्टर कधी त्यायच्या पुढं वेणी सोडून बसले?"

डॉक्टरांना मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. शिवाय बदल फक्त टोकांकडे होता. मी होकार दिला. काम सगळी दुपार चाललं. पार्लरवाली लेप ओढायची आणि पालथ्या हाताने बट चाचपत राहायची, तापते का ते पाहायला. शेवटी तिने वरून राखाडीकडे झुकणारी छटा चढवली. आरशात केस वर काळे होते, खाली मंद, धुरकट तपकिरी. पाहून काही वाटावं असं त्यात नव्हतं.

त्यानंतर मी एसटीने अकोल्याला गेले. पोचले तेव्हा आई झोपलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून पाणी घेतलं.

भावाचं घर शहराच्या कडेच्या लेआउटमध्ये आहे. नळाचं पाणी प्यायला ठेवतात, बाकी सगळं बोअरचं. बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर धरतं आणि न्हाणीच्या फरशीवर तांबूस डाग पाडतं. गच्चीवर केस वाळवून मी खाली आले तेव्हा भावजय डाळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि हात थांबवला.

"ताई, हे काय झालं?"

आरशात पाहिलं. धुरकट छटा निघून गेली होती. कानांखालपासून टोकांपर्यंत केस तांब्याच्या रंगाचे झाले होते. राठ, जरासे वर उडालेले.

"हे तर खारपानातल्या बायांसारखे दिसून राह्यले," भावजय म्हणाली.

आईचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. त्याच पाण्याने न्हाऊन आणि उन्हात कापूस वेचून तिथल्या बायकांचे केस असेच होत. वर तेलाने काळे, खाली भुरे. आईचेही लग्नाआधी तसेच होते, असं ती पूर्वी सांगायची. अकोल्यात आल्यावर मेंदीने काळे झाले.

दुपारी जेवणं झाली. खिडक्यांना पडदे होते, कूलरच्या वाळ्याचा वास घरभर होता. मी आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. केस राठ होऊन वेणीत बसत नव्हते म्हणून मोकळे सोडले होते. आई दिवाणावर बसून पदराचं टोक दुमडत होती. तिने मान वर केली, बराच वेळ पाहिलं, मग पदर डोक्यावर घेतला. मुलीसमोर ती पदर घेत नसे.

"बसा," ती म्हणाली.

मी दिवाणासमोर जमिनीवर बसायला गेले तर ती घाईने म्हणाली, "खाली नका बसू. खुर्चीवर बसा तुमी."

"आई, मी आहे. मोठी."

आईने मान हलवली. रागाने नाही. जुनी गोष्ट माहीत असलेलं माणूस हलवतं तशी.

"आवाज तिचाच काढता तुमी," ती म्हणाली. "मांगच्या वेळी बी काढला होता."

मी खुर्चीवर बसले. भावजय पाण्याचा पेला घेऊन आली आणि दारातच थांबली. आई तिला म्हणाली, "च्या ठेव. अन् लेकरायले मांगच्या अंगनात ने. इकडं येऊ देऊ नको."

घरात लेकरं नव्हती. भावाचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे.

"यावेळी कोनासाठी आल्या?" आईने मला विचारलं.

बातमीदारीत पहिल्यांदा शिकवतात ते हे, की प्रश्नातच उत्तर पुरवायचं नाही. मी विचारलं, "मागच्या वेळी कोणासाठी आले होते?"

"तुमाले ठाऊक नाई?"

"तुम्ही सांगा."

ती सांगू लागली. माझ्याकडे न पाहता, पदराच्या टोकाकडे पाहत, आदराने. "मी बाळंतपणाले माहेरी होती. दुपार होती. घरात कोनी नोतं, सारे वावरात. मोठी बाजीखाली खेळत होती. तुमी विहिरीवरून आल्या, केस मोकये, अन् दारात उभ्या राह्यल्या. पानी मांगतलं. माह्यानं उठवत नोतं. मी म्हनलं, घ्या तुमच्या हातानं, रांजन आत हाय. तुमी आत आल्या."

"मग?"

"मंग काय. घेतलं तुमी तुमच्या हातानं."

 कूलरचं पाणी संपत आलं होतं, आतला पंप कोरडा घरघरत होता. भावजय चहा घेऊन आली. आईने स्वतःच्या हाताने कप माझ्यापुढे सरकवला.

माझ्यानंतर आणि धाकट्या भावाच्या आधी आईला एक मुलगा झाला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आजोळी जन्मला, पिवळा पडला, गेला. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. याहून जास्त कोणी कधी बोललं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

"मोठी घरी नाई," आई एकदम म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तिले मी ठेवलंच नाई अठी. तिले अमरावतीले ठेवलं, नंदेकडं. तुमाले घर सापडलं नाई पाह्यजे म्हनून."

हे मला नवीन होतं. मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा मला अमरावतीला आत्याकडे पाठवलं गेलं, आणि पुढे मी तिथलीच झाले. कारण सांगितलं जायचं ते चांगल्या शाळेचं. वडील अकोल्यात शिक्षक होते. शिक्षकाने आपली मुलगी शाळेसाठी दुसऱ्या गावी का ठेवावी, हा प्रश्न एखाद्या नातेवाइकाने लग्नकार्यात विचारला की वडील हसून विषय बदलायचे, आणि आई उठून आत जायची.

मी विचारलं, "ती परत यावी असं वाटलं नाही तुम्हाला?"

आईने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "वाटलं तरी तुमाले काहून सांगू?"

मी चहाचा कप उचलला.

एका माणसाच्या सांगण्यावरून बातमी करत नाहीत, त्यात ते माणूस भाऊसाहेब म्हणून पोटच्या मुलाला हाक मारणारं. आत्या गेली, वडील गेले. एक मावशी उरली आहे, तेल्हाऱ्याला. संध्याकाळी मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "असं काई नोतं वो. लेकराले कावीय झाली होती. अन् तशा केसाच्या तं आमी साऱ्याच होतो तवा. कोनी बी आली असन पानी प्यायले."

"म्हणजे कोणी आलं होतं?"

"मले काय ठाऊक. मी वावरात होती." मग ती म्हणाली, "तुही माय त्या विहिरीवर मंग कधी गेली नाई, हे खरं हाय. घागर घेऊन दुसऱ्या आळीत जाये."

त्यानंतरच्या दुपारी मी केस बांधून, वर ओढणी घेऊन गेले. आईने ओढणीच्या कडेखालून निघालेली तांबूस टोकं पाहिली आणि पदर पुढे ओढला. मी वेणी तेलाने चोपडली. मेंदीची पूड हाताला चोळून तो हात तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला. म्हणाली, "हे बी तिचंच आनलं तुमी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटत होतं मला काहीतरी होऊन गेलं आहे आणि माझा वास माझ्याआधी घरी आला आहे.

मग तिने जेवण सोडलं. मी घरात असेपर्यंत ती घास घेत नव्हती. भावजयीने भात कालवून पुढे केला तर आईने तिच्या कानाशी तोंड नेलं, पण तिचं कुजबुजणं आता कुजबुजणं राहत नाही, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. "मोठीले फोन करू नको. येतो म्हनली तरी येऊ नको म्हन. ही गेल्याबिगर नाई."

भावजय बाहेर आली आणि ताट ओट्यावर ठेवलं. ती चिडली होती आणि घाबरलीही होती.

"आता कसं करता, ताई? तुमी येऊन बसल्या, अन् आई तुमची वाट अडवून राह्यल्या. तुमच्यापासून तुमालेच वाचवून राह्यल्या. तुमी निघा अमरावतीले, अन् काये होऊनच या."

भाऊ मला बसस्टँडवर सोडायला आला.  बस लागल्यावर एवढंच म्हणाला, "मले नाई ओळखत त्याचं काई नाई. आता सवय झाली. पन तुले ओळखते म्हनून मले बरं वाटे."

अमरावतीत पार्लरवालीने केसांची टोकं चिमटीत धरून उजेडाकडे नेली.

"कुठलं पाणी लावलं, मॅडम? मी असा रंग दिलाच नोता."

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, काळं करायचं तर तेही सरळ नाही. ब्लीच झालेल्या केसावर थेट काळा लावला तर हिरवट मारतो. आधी लाल भरायचा, तो बसला की वर काळा. नाहीतर दुसरा मार्ग, भुरं आहे तेवढं कापून टाकायचं. "एका घावात मोकय्या व्हाल," ती म्हणाली.

कापलं असतं तर वेणी उरली नसती. मी लाल भरायला सांगितलं. तो चढला तेव्हा आरशावरून नजर वळवली. मग काळा. संध्याकाळी बाहेर पडले तेव्हा केस मुळापासून टोकापर्यंत एकसारखे काळे होते, विगसारखे. पार्लरवाली म्हणाली, टोकांना रंग फार दिवस धरणार नाही, तिथे केस पोकळ झालेत, आणि त्या पाण्यापासून जपा.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला पोचले. मेंदी लावली नव्हती, पण पूड कालवून वेणीवरून हात फिरवला होता. आई दिवाणावर होती. मी काही न बोलता तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले.  मग वेणीचा पेड सुटला. बोटं केसांत शिरली, मानेपाशी थांबली, टोकापर्यंत गेली.

"मोठे," आई म्हणाली. "काहून आली तू?"

भावजय दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

आईने माझे केस विंचरले, वेणी घातली, शेवटाला गाठ मारली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, मी पूर्वी शाळेच्या सुट्टीत आले की बोलायची त्या आवाजात तिने सांगितलं, "थे आली होती. काल."

"कोण?"

"थेच. भुऱ्या केसाची."

आदल्या दिवशी दुपारी मी अमरावतीत पार्लरच्या खुर्चीत होते. मी भावजयीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. स्वयंपाकघरात गेल्यावर मी तिला पुन्हा विचारलं.

"कोनी नाई आलं, ताई. गेटले कडी होती." ती भांडी आवरत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "दोन कप च्या मांगतला त्यायनं. मी देल्ला. म्हातारं मानूस, काहून वाद घाला. दोनी कप रिकामे झाले. आई तं अर्धा कपच घेतेत."

"दोन्ही आईनेच घेतले असतील."

"हो, घेतले असतीन," भावजय म्हणाली.

आईकडे परतले तेव्हा तिची गोष्ट पुरी व्हायची होती. ती बाई आता घाईत नव्हती म्हणे. खुर्चीवर बसली. म्हणाली, अमरावतीचं घर सापडलं. तिसऱ्या मजल्यावर हाय, जिन्यात उजेड नाई, दाराले हिरवा रंग.

मी गेल्या वर्षीच तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्याआधी आत्याच्याच घरात, तळमजल्यावर होते. आई नव्या जागेत कधी आलेली नाही. त्या दोन दुपारी, मी खुर्चीवर बसले असताना, तिने कुठं राहता म्हणून विचारलं असेल आणि मी सांगून गेले असेन, हे शक्य आहे. मला तसं आठवत नाही. भावाने कधी बोलता बोलता वर्णन केलं असेल, हेही शक्य आहे. त्याला विचारलं. त्याने जिन्यातला दिवा गेलेला आहे हे आत्ताच कळलं असं सांगितलं.

"मी तिले म्हनलं, आता बस झालं," आई सांगत होती. "मोठीले राहू द्या. मी येतो."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हने, ठीक हाय. केस धुऊन ठेवा." आईने अंबाड्याला हात लावला. तिचे केस आता सुपारीएवढे राहिलेत, पांढरेशुभ्र. "तू धुऊन दे मले. तिले दुसऱ्याचा हात चालत नाई."

ती उठायला लागली. न्हाणीकडे जायला. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि पकड घट्ट होती. नाही म्हटलं असतं तर ती माझ्यासाठी घाबरली असती. हो म्हटलं असतं तर ती जायला तयार झाली असती.

आमच्याकडे शनिवारी डोक्यावरून पाणी घेत नाहीत. सोमवारीही नाही, अमावास्येलाही नाही. हे तिनेच शिकवलेलं. लहानपणी मी सुट्टीत यायचे तेव्हा शनिवारी ती मला न्हाणीच्या दारातून परत पाठवायची. ती शिकवण तिच्यात अजून शाबूत आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

"आज शनिवार आहे, आई," मी म्हणाले. त्या दिवशी शनिवार नव्हता.

आई थांबली. "शनिवार हाय?"

"हो."

"मंग उद्या," ती म्हणाली आणि परत दिवाणावर बसली.

तेव्हापासून मी अकोल्यातच आहे. डेस्कवर पहिल्या पानाची पहिली गोष्ट तपासायचे ती वार आणि तारीख. एवढ्या वर्षांत ती चुकली नाही. इथे रोज शनिवार असतो. भावाने तिच्या खोलीतलं कॅलेंडर काढून आतल्या कपाटात ठेवलं. भावजय सकाळी तिच्याजवळ जाऊन म्हणते, मारुतीले तेल वाहून आली, केवढी गर्दी होती वो. रविवारी भाऊ घरी असतो. आई त्याला विचारते, "भाऊसाहेब, आज कचेरी नाई?" तो म्हणतो, "शनिवार हाय ना, अर्धा दिवस." आई आता नीट जेवते. तिचं डोकं भावजय ओल्या फडक्याने पुसून घेते. केसांना धुतल्यासारखा वास येऊ नये म्हणून साबण लावत नाही.

माझ्या वेणीची टोकं तांबूस व्हायला लागली आहेत. मी प्यायच्या पाण्यातलं पाणी घेऊन केस धुते, तरीही. तो भाग आतल्या बाजूला दुमडून गाठ मारते आणि पाठ करून बसताना वेणी पुढे घेते. पार्लरवालीला फोन केला तर ती म्हणाली, या, पुन्हा भरून देतो. पण अमरावतीला जायचं म्हणजे आईला एक दुपार माझ्याशिवाय सोडायचं. ते अजून जमलेलं नाही.

रोज जेवणानंतर, कूलर लावला की, आई विचारते, "आज कोनता वार?"

"शनिवार."

"मंग तिले सांगून ये. उन्हात बसली असन बिचारी."

मी बाहेर जाते. ओसरीत प्लास्टिकची खुर्ची असते, समोर गेट, गेटला कडी, पलीकडे रिकामा प्लॉट आणि पांढरं पडलेलं ऊन. आईला आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणते, "आज शनिवार आहे." जरा वेळ उभी राहते, कारण लगेच आत गेलं तर आईला पटत नाही.

"काय म्हने?" आई विचारते.

"उद्या येते म्हणाली."